तापीकाठी ठशांच्या शाळेत

मराठी माणसाला सुरत प्रथम भेटते ती शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात, आणि तीही लुटीच्या रूपाने. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी हे श्रीमंत बंदर लुटले, एवढी एक गोष्ट मनात पक्की बसते आणि पुढे कित्येकांच्या बाबतीत सुरत तेवढ्यावरच संपते. आम्हां बडोदेकरांचे तसे नाही. गाडीने दोन तासांवरचे हे गाव. लग्नाचा बस्ता बांधायचा तर सुरत, जर घ्यायची तर सुरत, चांदणी पडव्याची घारी आणि थंडीतला ज्वारीचा कोवळा हुरडा (ज्याला तेथे पोंक म्हणतात) खायचा तरी सुरतच. इतक्या खेपा करूनही या शहरात एखादी विद्या शिकावयास जावे, असे आमच्या घरातील कोणाच्या मनात कधी आले नव्हते. गेल्या पौषात मात्र आम्ही पाच जण तीन दिवसांसाठी गेलो ते ठशांची छपाई शिकावयास: आत्याबाई, वहिनी, कॉलेजात शिकणारी भाची आणि आम्ही उभयता.

यामागे एक घरगुती कारण होते. आमच्या घरी एक जाजम आहे. तांबड्या जमिनीचे, काळ्या रेघांच्या वेलबुट्टीचे आणि मधोमध सोंगट्यांचा पट छापलेले. मुंजी, केळवणे, भजने, श्रावणातली सत्यनारायणाची पूजा या साऱ्यांना ते गेल्या तीन पिढ्या अंथरले गेले. आता त्याची एक बाजू जाळीसारखी विरली आहे. भाचीचे लग्न वैशाखात ठरले, तेव्हा आत्याबाईंनी सांगून टाकले की नवे जाजम आले पाहिजे, आणि ते "असेच" आले पाहिजे. बडोद्याच्या बाजारात जे दाखवले गेले ते पाहून त्यांनी नुसती मान हलवली. कोणीतरी सांगितले की रांदेरला एक वृद्ध कारागीर अजून ठशांनी छापतात आणि चार-पाच जणांना घेऊन शिकवतातही. मग जुन्या जाजमाचा एक कोपरा पिशवीत घालून आम्ही निघालो.

रांदेर हे तापीच्या उजव्या तीरावर, सुरतेच्या समोर आहे. आता ते शहराचाच एक भाग झाले असले तरी बंदर म्हणून ते सुरतेहूनही जुने. १५३० साली पोर्तुगीजांनी दोन्ही गावे जाळली, त्यानंतर सुरत सावरली आणि वाढली, रांदेर मागे पडले. अरुंद गल्ल्या, लाकडी कोरीवकामाच्या जुन्या हवेल्या, मशिदींचे मिनार, आणि मध्येच एका बोळाच्या टोकाशी एक लांबट खोली व तिच्या मागे फरसबंदी अंगण. हीच आमची शाळा. पाटी नाही, फलक नाही.

मास्तरांना सगळे काका म्हणत, म्हणून आम्हीही काकाच म्हणू लागलो. वय पंचाहत्तरीच्या पुढचे असावे. बोलणे सुरती गुजरातीत. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर त्यांनी आत हाक मारली, आणि धुण्याच्या हौदापाशी काम करणाऱ्या एक बाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. त्या नंदुरबार जिल्ह्यातल्या, प्रकाशाकडच्या. आत्याबाईंना पाहून त्यांनी अहिराणीत "बठा, माय" म्हटले आणि स्वतःचा पाट पुढे सरकवला. सुरतेतील मराठी म्हणजे आपल्या मंडळातली, नाट्यप्रयोगांना येणारी चार घरे, असा समज असणाऱ्यांनी एकदा लिंबायत, उधना, दिंडोलीकडे फिरून यावे. खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेल्या या लोकांच्या पिढ्या येथे यंत्रमागावर आणि छपाईच्या गिरण्यांत खपल्या आहेत. महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. आपल्यासारख्या "जुन्या" कुटुंबांनी या बांधवांची वास्तपुस्त फारशी केली नाही, हे येथे सांगितलेले बरे.

पहिल्या दिवशी ठशाला हात लावू देतील ही आमची कल्पना दुपारपर्यंत मावळली. काकांच्या मते छपाईचे अर्धे काम ठसा उचलण्याआधीच होते. सुती कापड रात्रभर भिजवून, खळ काढून, नीट धुऊन घेतलेले होते. ते हिरड्याच्या पाण्यात बुचकळायचे, पिळायचे आणि अंगणात पसरून एकाच बाजूने ऊन दाखवायचे. पांढरे कापड बघता बघता फिकट पिवळे होते. हिरडा म्हणजे आपल्या घरच्या त्रिफळ्यातला हिरडाच. त्याचा तुरटपणा धाग्यात मुरला की पुढे लोखंडाचा काळा रंग त्याला घट्ट धरतो. हा काळा रंग कोठून येतो? कोपऱ्यातल्या मडक्यात गंजके खिळे, पत्र्याचे तुकडे, बैलाच्या खुराचे जुने नाल आणि गूळ घालून पाणी ओतलेले होते. दोन-तीन आठवडे ते आंबते, वर फेस येतो, आणि गाळलेले पाणी चिंचोक्याच्या पिठाबरोबर शिजवले की काळ्या रेघेची शाई तयार होते. आत्याबाईंनी मडक्यात डोकावून नाक मुरडले, पण पाठोपाठ "आमच्या आजीची शाई हिरड्याची नि हिराकसाचीच असे" असेही सांगितले. काकांना ते पटकन कळले. पोथी लिहिणारा आणि कापड छापणारा एकाच मडक्यातून शाई घेत होते म्हणायचे. छापणे, छाप, छापखाना हे शब्दही कापडावरूनच कागदावर आले असतील काय, असा विचार मनात येऊन गेला. सुरतेपुरती तरी त्याला एक गमतीची जोड आहे. येथील व्यापारी भीमजी पारेख यांच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली इंग्लंडहून एक मुद्रक पाठवला. त्याला छापता येत होते, पण देशी अक्षरांचे ठसे कोरता येईनात, आणि बेत फसला. ज्या मुलखात लाकडावर केसाएवढी रेघ कोरणारे हात होते तेथेच हे घडावे!

दुसऱ्या दिवशी ठसे निघाले. गुजरातीत ठशाला बीबुं म्हणतात. काकांचे बहुतेक ठसे सागाचे, काही शिसवीचे, आणि जुने सारे गांधीनगरजवळच्या पेथापूरचे. गुजरातेत ठसे कोरण्याबद्दल त्या गावाची पिढ्यान्‌पिढ्या ख्याती आहे. नवा ठसा आठ-पंधरा दिवस तेलात मुरवतात, म्हणजे पुढे पाण्याने तो फुगत नाही आणि तडकत नाही. ठशाच्या पोटात आरपार भोके पाडलेली असतात. दाबाबरोबर आत कोंडलेली हवा तेथून निसटते. ती नसली तर रंग फुगा धरतो. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. रेघेचा निराळा, जमीन भरण्याचा निराळा, आतल्या फुलांचे आणखी निराळे, आणि सगळे एकमेकांत तंतोतंत बसावे लागतात. त्यासाठी प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यावर बारीक टिंब कोरलेले असते. मागच्या ठशाचे टिंब आणि पुढच्या ठशाचे टिंब एकावर एक आले की वेल अखंड चालते.

मेज म्हणजे लांब फळ्यांवर गोणपाटाचे थर, वर जुनी चादर. डावीकडे चाकांची घडवंची, तिच्यावर रंगाची तबकडी, तबकडीत घोंगडीचा तुकडा, म्हणजे ठशाला रंग बेताने लागतो. ठसा ठेवायचा, टिंब जुळवायचे आणि मुठीच्या टाचेने पाठीवर एक ठोका द्यायचा. एकच. हे काम पाहताना सोपे दिसते. अर्ध्या तासात मनगटापासून खांद्यापर्यंत हात आपला राहत नाही. काकांचा ठोका मात्र घड्याळासारखा. ते आमच्याशी बोलत होते, चहा मागवत होते, रस्त्यावरच्या कोणाला उत्तर देत होते, आणि वेल पुढे चालली होती. भाचीने त्यांना विचारले की दिवसाकाठी किती ठोके होत असतील. त्यांनी हसून आपला तळहात दाखवला. टाचेवरचे कातडे चपलेच्या तळासारखे झाले होते.

सर्वांत नवल वाटले ते तांबड्या रंगाचे. काळी रेघ वाळल्यावर काकांनी दुसरी तबकडी आणली. तिच्यात तुरटीच्या पाण्याची खळ होती. दिसावी म्हणून तिच्यात चिमूटभर गेरू कालवलेला. म्हणजे तांबडे फूल छापणारा तांबडा रंग छापतच नाही. तो तुरटी छापतो आणि जेथे तुरटी बसली तेथे पुढे उकळत्या भांड्यात रंग येऊन धरतो. जेथे नाही तेथून धुऊन जातो. छापणारा आंधळेपणानेच छापतो म्हणा ना. या खुबीवर हिंदुस्थानने शेकडो वर्षे जगाला कापड पुरवले. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात येथे उकिरड्यांतून आणि थडग्यांतून गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडे निघाले आहेत. त्यांतील सर्वांत जुने सुमारे हजार वर्षांपूर्वीचे, आणि पुष्कळसे आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. युरोपला ही खुबी सतराव्या शतकापर्यंत उमगली नव्हती. फ्रेंच कंपनीच्या सुरतेच्या वखारीतील जॉर्ज रोक नावाच्या माणसाने १६७८ च्या सुमारास अहमदाबादेतील ठशांच्या छपाईचे टप्प्याटप्प्याने वर्णन लिहून ठेवले आहे. ते हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गंमत अशी की, त्याच्याच देशाने १६८६ साली या छापील कापडावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडनेही १७०० आणि १७२१ साली कायदे करून आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी आमचे चीट अडवले. होय, चीटच! आपल्या आज्यांच्या चिटाच्या परकराचा शब्द तोच, आणि साहेबाचा "चिंट्झ" तोच.

सुरतेतून गलबतांवर चढणारा हा छापील माल बव्हंशी येथे छापला जात नसे. अहमदाबाद, सिरोंज, बऱ्हाणपूर अशा आतल्या गावांहून तो गाड्यांवरून येई. बऱ्हाणपूरही तापीकाठीच आहे, पण तेथील तापी गोड्या पाण्याची. सुरतेच्या तापीत समुद्राची भरती चढते. काका म्हणाले, रंगाऱ्याला जात विचारू नये, पाणी विचारावे. कच्छमधल्या धमडका गावाची गोष्ट त्यांनी सांगितली. २००१ च्या भूकंपानंतर तेथील भूजलात लोह वाढले, रंग बिघडू लागले, आणि अजरख छापणाऱ्या खत्री कुटुंबांपैकी बऱ्याच जणांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले. पाण्यासाठी गाव बदलणारे कारागीर! काकांच्या अंगणातल्या हौदात मात्र नळाचेच पाणी होते, आणि वापरलेले पाणी ते दोन टाक्यांतून निवळून मगच सोडत.

तिसऱ्या दिवशी भट्टी पेटली. छापलेले कापड खरे तर काही दिवस मुरावे लागते. काकांनी आधी छापून ठेवलेले एक कापड त्यासाठी काढले. प्रकाशाकडच्या बाईंनी ते हौदात आपटून धुतले. खळ निघून गेली, आणि उरल्या त्या काळ्या रेघा व मळकट पिवळेपणा. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी तापले होते. त्यात अलिझरीन आणि धायटीची वाळलेली फुले पडली. ही फुले घातली की जमिनीवर नको तेथे रंग चढत नाही. कापड आत गेले. बाई लांब काठीने ते सारखे वरखाली करीत होत्या. दहा-पंधरा मिनिटांत, जेथे काही नव्हते तेथून, पाकळी पाकळी करीत तांबडी फुले वर आली. आत्याबाई भट्टीच्या धुरात उभ्या होत्या, त्या मागे हटेनात.

अलिझरीन हे कारखान्यातले. पूर्वी हा तांबडा रंग मंजिष्ठेच्या किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळांतून काढीत. खानदेश-वऱ्हाडाकडे आलीची शेते असत. जर्मनीत १८६८-६९ साली अलिझरीन कृत्रिम रीतीने तयार झाले आणि थोड्याच वर्षांत ती शेते मोडली. आल हा शब्द निघताच आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या मोठ्या काकू जन्मभर आलवण नेसल्या." केशवपन झालेल्या बायकांचे ते तांबडे लुगडे. लग्नाच्या जाजमाचा आणि त्या लुगड्याचा रंग एकच, हे त्यांच्या आवाजातून सर्वांनाच ऐकू आले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग वहिनींनी चहा ओतला.

दुपारी पिशवीतला कोपरा बाहेर निघाला. काकांनी तो उजेडात धरला, उलटा केला, बोटाने चाचपला. "रेघेचा एक, जमिनीचा एक, काठाचे दोन. पट मात्र वेगळ्या माणसाने छापला आहे, त्याचा हात जड आहे." तीन पिढ्या ज्यावर बसलो त्याच्याविषयी हे आम्हांस प्रथमच कळत होते. हे काम भावसारांचे असावे असे त्यांना वाटले. गुजरातेत काय आणि महाराष्ट्रात काय, रंगवणे-छापणे हा भावसारांचा परंपरागत धंदा. अहमदाबादच्या भावसारांनी आणि इतरांनी पेथापूरच्या ठशांवर सयामसाठी छापलेले सौदागिरी कापड दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिकडे जात होते.

मग भाव निघाला. ठशाचे जाजम बाजारच्या स्क्रीन छपाईच्या चौपट पडेल, हे काकांनी स्वच्छ सांगितले, आणि वर म्हणाले, "बेन, वर्षातून एकदाच अंथरायचे असेल तर स्क्रीनचे घ्या. मी रागावणार नाही." आमच्यात दोन तट पडले. वहिनींचे म्हणणे असे की लग्नाचा खर्च आधीच वाढला आहे, पाहुणे बसतील ते काही जाजम उलटून पाहणार नाहीत. भाची म्हणाली, मग मला नकोच, आहे तेच फाटके अंथरा. आत्याबाईंनी मात्र काकांनाच विचारले की त्यांचे घर आता कशावर चालते. उत्तर सरळ आले. मुलगा पांडेसऱ्याच्या गिरणीत डिजिटल छपाईच्या यंत्रावर आहे. ठशाच्या मागण्या वर्षातून मोजक्या. बाकी घर चालते ते आमच्यासारख्या तीन दिवसांच्या विद्यार्थ्यांच्या फीवर. "कापड विकत घेणारे कमी आणि कसे होते ते पाहणारे जास्त झाले," एवढेच ते म्हणाले, आणि ते तक्रारीच्या सुरात नव्हते. पण आम्हांस ते लागले. तीन दिवस हौसेने ठोके मारून, दोन रुमाल घेऊन घरी जाणारे आम्हीच त्या वाक्यात होतो.

मुलगा संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्याशीही बोलणे झाले. तरुण, हुशार, आणि बापाच्या कामाविषयी त्याच्या मनात अढी नाही. त्याने बाजारातील "हातछाप" म्हणून विकली जाणारी एक साडी दाखवली. यंत्राने छापताना ठशांचे सांधे आणि पुसटपणासुद्धा मुद्दाम चित्रात घातले होते. ओळखावे कसे, ते वाचक भगिनींच्या उपयोगाचे म्हणून येथे देतो. कापड लांब पसरावे आणि एखादा चुकलेला सांधा हेरावा. तोच सांधा, तस्साच, ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा आला तर ते यंत्र. माणसाचा हात दोनदा सारखा चुकत नाही. (ठशाचाच टवका उडालेला असेल तर ती खूण प्रत्येक ठशात येणारच, ती निराळी.) दुसरे, उलट बाजू पाहावी. तुरटी-हिरड्याचा रंग धाग्यात मुरतो, मागूनही फूल ओळखू येते. तिसरे, काठाचा एक धागा काढून जाळावा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी होते. सुरतेचा आजचा मुख्य व्यवहार याच कृत्रिम धाग्याचा. त्याचे रंगच निराळे, उष्णतेने चढणारे, आणि तुरटी-अलिझरीन त्याला शिवतही नाही. ते कापड वाईट असे आम्ही म्हणत नाही. लक्षावधी घरांतल्या बायकांना स्वस्त, न चुरगळणारी, झटकन वाळणारी साडी याच शहराने दिली. फक्त एकाच्या नावावर दुसरे विकू नये.

शेवटी जाजम ठशाचेच करायचे ठरले, पण आत्याबाईंनी त्याला आपली अट घातली. पट मोठा नको, लांबी दोन हात कमी, म्हणजे खर्च आटोक्यात. आणि काठ आम्ही छापणार. काकांनी थोडा विचार केला व हो म्हटले. काठाचा एक ठसा त्यांच्या संग्रहात जुळता निघाला. दुसरा मात्र जुन्या कोपऱ्यावरून पेथापूरला नवा कोरून घ्यावा लागेल, त्याला महिना. त्या संध्याकाळी जुळत्या ठशाने आम्ही पाचही जणांनी आळीपाळीने लांबीच्या एका बाजूचा काठ छापला. काका टिंबांवर नजर ठेवून शेजारी उभे होते. कोणता ठोका कोणाचा हे आता पाहणाऱ्यास सांगता येईल की नाही ठाऊक नाही. आत्याबाई म्हणतात, त्यांना येईल.

परतीच्या दिवशी गाडीला वेळ होता, म्हणून किल्ला आणि इंग्रजांची दफनभूमी पाहून आलो. सोळाव्या शतकातला किल्ला आता दुरुस्त करून संग्रहालय केला आहे, तो अवश्य पाहावा. दफनभूमीत ज्याची भव्य घुमटी आहे तो जॉर्ज ऑक्झेंडन १६६४ साली इंग्रज वखारीचा प्रमुख होता आणि महाराजांच्या स्वारीत त्याने वखार राखली होती. १६६९ साली तो येथेच वारला. ज्या कापडासाठी ही सारी माणसे समुद्र ओलांडून आली, त्या कापडाचा एक हिरड्याने पिवळा झालेला तुकडा भाचीच्या पिशवीत होता आणि त्याचा वास डब्यात सर्वांना येत होता.

काकांचा निरोप गेल्या आठवड्यात आला. ठसा पेथापूरहून आला आहे, दुसरी बाजू छापायला या. जाजम धुण्याची पद्धतही त्यांनी सांगून ठेवली आहे. पहिली तीन धुणी नुसत्या थंड पाण्याची, साबण नाही, सोडा तर मुळीच नाही, आणि वाळवायचे ते सावलीत. आत्याबाईंनी ते पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून घेतले आहे.